पितळी नळीच्या आतली बाजू



तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि वरातीपुढे बँड दिसायला लागतो. डीजे आला तरी नवरदेव घोड्यावर बसला की पुष्कळ गावांत अजून बँडच लागतो. त्याच्या आदल्या दिवशी बँडवाल्यांच्या घरी काय चालतं, ते आमच्या गटांतल्या काही जणींना चांगलं माहीत आहे. ट्रम्पेट, युफोनियम, बेस अशी सगळी वाद्यं अंगणात येतात. कुणी चिंच आणतं, कुणी लिंबू, कुणी पितळ घासायची पावडर. तासाभरात वाद्य असं लखलखतं की त्यात तोंड दिसावं.

एकदा मासिक बैठक संपल्यावर आम्ही त्यांना सहज विचारलं, "आणि आतून कसं धुता?" सगळ्या हसल्या. "आत हात कुठं जातोय, ताई!" तेवढ्यात एक जण हळूच म्हणाली, "पण वास येतो खरा." त्या वासाचा माग काढता काढता आम्ही बरंच वाचलं, विचारलं. त्यातूनच आजचं हे बोलणं तयार झालं.

खरं तर पितळेच्या आतल्या बाजूची काळजी आपल्या बायकांना शिकवावी लागत नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात ताक, आमटी, चिंचेचं सार असं आंबट ठेवलं की ते कळकतं. म्हणून तर कल्हईवाला दारात यायचा. भाता लावून भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा आणि कथलाचा पांढरा थर भांड्याच्या आतून फिरवायचा. बाहेरची बाजू आपण चिंचेने घासत होतो, पण पैसे मोजत होतो ते आतल्या बाजूसाठी. कारण घरच्यांच्या पोटात जाणार होतं ते आतलं. मग ज्या पितळेतून माणूस रोज श्वास घेतो आणि सोडतो, त्याच्या आतल्या बाजूकडे कुणाचंच लक्ष कसं गेलं नाही?

याचं उत्तर त्या नळीच्या इतिहासात आहे.

सुरुवातीला फुंकून वाजवायची धातूची नळी सरळ होती. इजिप्तचा राजा तुतनखामेन तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याची कबर 1922 मध्ये सापडली, तेव्हा त्यात दोन तुताऱ्या निघाल्या. एक चांदीची, साधारण 58 सेंटीमीटर लांब, आणि दुसरी तांब्याच्या मिश्रधातूची, तिच्याहून थोडी आखूड. दोन्ही अगदी सरळ. पातळ पत्रा चेपू नये म्हणून त्यांच्या पोटात बसेल असा लाकडी ठोकळाही केलेला होता. म्हणजे वाद्याच्या आतल्या बाजूचा विचार इतका जुना आहे. 1939 मध्ये त्या तुताऱ्या फुंकून बीबीसीच्या रेडिओवरून जगाला ऐकवल्या गेल्या. आपण रेडिओवर बोलतोय म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

आपल्याकडची तुतारी, शिंग, कर्णा ही वाद्यंही अशीच साधी. तुतारी वाकडी असते, पण तिच्या नळीत कुठे कळ नाही, फाटा नाही. एका तोंडातून पाणी ओतलं की दुसऱ्या तोंडातून भळकन बाहेर येतं. नगारखान्यातल्या माणसाला वेगळ्या ब्रशची गरज पडली नसेल, ती यामुळेच.

मग नळी लांबत गेली. नळी लांब तितका स्वर खालचा. पण दोन माणूस उंचीची सरळ नळी घेऊन घोड्यावर कसं बसणार? म्हणून युरोपात 1400 च्या सुमाराला कारागिरांनी नळी वळवून तिची घडी घालायला सुरुवात केली. नळीची लांबी तेवढीच राहिली आणि वाद्य हातात मावायला लागलं.

खरी गुंतागुंत आली ती 1818 मध्ये. जर्मनीतल्या प्रशिया राज्यात श्टोल्त्सेल आणि ब्लूमेल या दोन वादकांनी कळीच्या झडपेचं पेटंट घेतलं. त्याआधी साध्या नळीतून ठरावीक स्वरच निघायचे. आता बोटाने कळ दाबली की हवा जास्तीच्या एका वेढ्यातून फिरून यायला लागली. नळी तेवढ्यापुरती लांब झाली आणि स्वर उतरला. 1839 च्या सुमाराला पॅरिसच्या पेरिने नावाच्या कारागिराने ही झडप सुधारली. आज बँडमधल्या ट्रम्पेटला ज्या तीन कळा आपण बघतो, त्या याच घडणीच्या. मग 1840 च्या दशकात अडोल्फ साक्स याने अशाच कळांच्या, लहानापासून मोठ्यापर्यंतच्या वाद्यांचं एक कुटुंबच तयार केलं.

या शोधामुळे साध्या माणसालाही पितळी वाद्यावर कुठलंही गाणं वाजवता येऊ लागलं. इंग्लंडमध्ये गिरणीकामगारांचे, खाणकामगारांचे बँड उभे राहिले. पण आतल्या बाजूचं काय झालं बघा. नेहमीच्या ट्रम्पेटची नळी उलगडली तर जवळजवळ दीड मीटर भरते. युफोनियमची पावणेतीन मीटरच्या आसपास. मोठ्या बेसची तर साडेपाच मीटरपर्यंत जाते, म्हणजे जवळजवळ सहावारी साडीएवढ्या लांब नळीचं इथे वेटोळं होऊन बसलेलं असतं म्हणायला हरकत नाही. आणि ट्रम्पेटच्या नळीचं भोक सव्वा सेंटीमीटरही नाही. एवढ्या वळणांतून डोळा जात नाही, बोट जात नाही, सरळ काडी जात नाही. तिथे जातो फक्त वाकणारा ब्रश. बाटली धुवायच्या ब्रशाचा हा लांबलचक भाऊ. मध्ये लवचीक स्प्रिंग किंवा प्लॅस्टिकने मढवलेली तार, आणि दोन्ही टोकांना केसाळ गोंडा.

आता हे वाद्य आपल्याकडे कसं आलं? आलं ते फौजेबरोबर. इंग्रजांच्या पलटणींना बँड असायचा. छावणीच्या गावांत लोकांनी तो ऐकला, संस्थानिकांनी आपापले बँड उभे केले आणि तिथून तो लग्नाच्या वरातीत उतरला. वाद्यं सुरुवातीला विलायतेहून यायची. मग मेरठसारख्या छावणीच्या शहरात ती इथेच घडवायला लागले. तिथली नादिर अली यांची पेढी 1885 ची. मेरठची जली कोठी ही वस्ती आजही बँडच्या वाद्यांसाठी ओळखली जाते.

फौजेत वाद्य सरकारी मालकीचं. बंदूक जशी आतून-बाहेरून साफ ठेवायची, तशी वाद्याचीही निगा ठेवायची, हा शिस्तीचा भाग. वादकांना शिकवायला शाळाही होत्या. लंडनजवळची नेलर हॉल ही फौजी संगीताची शाळा 1857 मध्ये सुरू झाली. वरातीचा बँड मात्र वेगळ्या माणसांनी चालवला. पिढ्यान्‌पिढ्या सनई, ढोल, ताशा वाजवत आलेल्या आणि गावात मान नसलेल्या पुष्कळ घरांनी तो उचलला. त्यांनी कानाने गाणी शिकून घेतली, एकमेकांकडून कळा शिकून घेतल्या. काम चार-सहा महिन्यांचं, वाद्य जुनं घेतलेलं किंवा मालकाचं, डाग देऊन दुरुस्त केलेलं. गिऱ्हाईक बघणार ते डगल्याची जर आणि वाद्याची चमक. आतलं कोण बघतंय? आम्हाला वाटतं, वाद्य फौजेतून वरातीत आलं, पण आत फिरवायचा ब्रश वाटेत मागे राहिला.

आणि त्यात जीवाचा प्रश्न आहे, म्हणून हे तुमच्यापुढे मांडतोय.

वाजवणाऱ्याचा श्वास गरम आणि ओला असतो. थंड पितळेला लागून त्याचं पाणी होतं. त्यात थुंकी मिसळते, चहा-जिलेबीचा गोडवा मिसळतो. कार्यक्रम संपला की वाद्य तसंच पेटीत बंद. अंधार, ओल आणि खायला अन्न, बुरशीला आणखी काय पाहिजे? नळीत शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो. हळूहळू पितळेतलं जस्त निघून जातं, गुलाबी-लाल डाग पडतात आणि एक दिवस नळीला भोक पडतं. हे झालं वाद्याचं नुकसान.

माणसाचं काय होतं तेही डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. 2010 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या एका 35 वर्षांच्या माणसाची हकीकत छापली. त्याला पंधरा वर्षं खोकला होता. उपाय चालेना. शेवटी त्याच्या वाद्याच्या आतला नमुना तपासला तर त्यात बुरशी आणि जंतू निघाले. तो वाद्य नियमित साफ करायला लागला आणि त्याचा खोकला बरा झाला. 2016 मध्ये इंग्लंडच्या डॉक्टरांनी दुसरी हकीकत छापली. ती बॅगपाइप, म्हणजे पिशवीचं फुंकवाद्य, रोज वाजवणाऱ्या 61 वर्षांच्या माणसाची. तो तीन महिने वाद्य घरी ठेवून ऑस्ट्रेलियाला गेला, तेव्हा त्याला बरं वाटलं. परत येऊन वाजवायला लागला आणि पुन्हा दम लागला. वाद्यात बुरशी सापडली, पण तोवर उशीर झाला होता. 2014 मध्ये तो गेला.

असा आजार प्रत्येक वादकाला होतो असं मुळीच नाही. तो क्वचित होतो. पण आपल्याकडे बँडवाल्याला खोकला झाला तर घरचे काय म्हणतात? "फुंकून फुंकून छाती गेली", "बिडी ओढतो म्हणून", "धंदाच तसला आहे". वाद्याच्या आत बघावं असं कुणाच्या मनात येत नाही.

म्हणून आता कामाचं सांगतो. कागद-पेन्सिल घ्या.

रोज वाजवून झालं की पाणी सोडायची कळ दाबून आतलं पाणी फुंकून काढायचं. ओठ लावायची वाटी, म्हणजे माउथपीस, धुऊन पुसून ठेवायची. एकाची वाटी दुसऱ्याने तशीच तोंडाला लावायची नाही. वाजवायच्या आधी खाल्लं असेल तर चूळ भरायची.

महिन्यातून एकदा, आणि हंगामात त्याहून लवकर, पूर्ण धुवायचं. आधी झडपा आणि सरकत्या नळ्या काढून घ्यायच्या. कुठली झडप कितव्या जागेची, ते लक्षात ठेवायचं. झडपेवरची नमद्याची चकती भिजवायची नाही. टबात जुनी चादर अंथरायची, म्हणजे पत्रा चेपत नाही. पाणी कोमट घ्यायचं. कढत पाण्याने वाद्यावरचा लेप निघतो. त्यात भांडी धुवायच्या साबणाचे थोडे थेंब टाकायचे. मग वाकणारा ब्रश नळीत हळूहळू सरकवायचा. सगळ्यात जास्त मळ तोंडाजवळच्या पहिल्या नळीत असतो, तिथे दोन-तीनदा फिरवायचा. ब्रश अडला तर जोर करायचा नाही, मागे घेऊन दुसऱ्या टोकाने यायचं. तारेचं टोक उघडं पडलेलं असेल तर तो ब्रश टाकून द्यायचा, नाही तर नळी आतून ओरखडते. झडपांच्या बारीक वेढ्यांत ब्रश कोंबायचा नाही, तिथे वाहतं पाणी सोडायचं. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं, झडपांना तेल आणि सरकत्या नळ्यांना व्हॅसलीन लावून जोडायचं. चिंच, लिंबू, पावडर यातलं काहीही नळीच्या आत घालायचं नाही.

आणि शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. खोकला दोन आठवड्यांच्या वर टिकला तर सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून घ्यायची, कारण तो क्षयही असू शकतो. क्षय नाही असं निघालं आणि तरी खोकला, दम राहिला, तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं, "हे बँडमध्ये वाजवतात." डॉक्टर धंदा विचारतीलच असं नाही, म्हणून सोबत गेलेल्या बाईने हे सांगायचं.

आमच्या त्या बैठकीतल्या ताईंनी घरी जाऊन नवऱ्याच्या ट्रम्पेटमधून पहिल्यांदाच ब्रश फिरवला. पुढच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "बाई, काळं-हिरवं पाणी आलं, गटारासारखं. हे म्हणत होते, आता फुंकायला हलकं लागतंय." मग ब्रश कुठे मिळतो ते बाकीच्यांनी त्यांना विचारून घेतलं. तुमच्या गटातही बँडवाल्याचं घर असेल, तर येत्या बैठकीत हा विषय काढा.