परांचीवरचा माणूस कायद्याला दिसायला ७३ वर्षे का लागली?

परांचीवरून मजूर पडून मेला की वर्तमानपत्रात चार ओळी येतात : 'तोल जाऊन मृत्यू'. जणू दोष त्याच्या पायांचाच. आमचा प्रश्न आहे, तोल नेमका कोणाचा गेला?

१९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा आला. माणूस मेल्यावर, हातपाय मोडल्यावर पैसे देणारा हा कायदा. तो पडूच नये म्हणून परांची कशी बांधावी, हा त्याचा विषय नव्हता. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामगारांचा प्रश्न शासनाच्या जबाबदारीत आणला. १९४८ साली कारखाने कायदा झाला. पण अर्धवट इमारत म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून बिगारी बाहेरच राहिला. संविधानाचे कलम ४२ कामाची न्याय्य व मानवी परिस्थिती मागते. तरीही बांधकाम कामगारांचा स्वतंत्र कायदा यायला १९९६ उजाडले.

ज्ञान नव्हते म्हणून उशीर झाला काय? नाही. परांची आणि शिडीसाठी आयएस ३६९६ ही भारतीय संहिता त्याआधीच होती. चार फूट उंचीला एक फूट या हिशेबाने शिडीचा पाय भिंतीपासून बाहेर ठेवावा, फळीला कठडा असावा, या गोष्टी कोणत्याही जुन्या गवंड्याला ठाऊक असतात. प्रश्न वर कोण चढतो हा आहे. भूमिहीन दलित, आदिवासी, भटके-विमुक्त नाक्यावर उभे राहतात. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. परांचीवर हे दोन्ही एकत्र भेटतात.

काही म्हणतात, मजूरच सेफ्टी बेल्ट लावत नाहीत. आम्ही विचारतो, हूक अडकवायचा कशाला? काथ्याने बांधलेल्या त्याच डगमगत्या बांबूला?

१९९६ च्या कायद्यांनी कल्याणकारी मंडळ दिले, बांधकाम खर्चावर उपकर लावला. पण नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आम्ही नाक्यांवर नोंदणीला बसतो तेव्हा ऐकतो : ठेकेदार सही देत नाही. सही दिली तर मजूर आपला होता हे कबूल करावे लागते. तो पडला तर भरपाई द्यावी लागते.

म्हणून बांधवांनो, भगिनींनो, चढण्याआधी परांची तपासा, दाखला मागा, एकट्याने नव्हे, संघटित होऊन मागा. भरपाई हा हक्क आहेच. जिवंत घरी परतणे हा त्याआधीचा हक्क आहे.

जय भीम!