षट्कर्णी झालेले गुपित : मराठी किशोर-रहस्यकथेतील मैत्रीचा विचार

एखादी गुप्त गोष्ट फुटली की ती 'षट्कर्णी झाली' असे आपण मराठीत म्हणतो. या शब्दप्रयोगातील हिशेब लक्षात घेण्याजोगा आहे. दोन माणसांचे कान चार. तिसऱ्याच्या कानी गोष्ट गेली की कान सहा होतात आणि गुपित संपते. म्हणजे भाषेच्या मते गुपिताला दोनच माणसे पेलतात. राजनीतीच्या ग्रंथांत मंत्रगुप्तीचा विचार विस्ताराने आला आहे. कौटिल्याने मात्र राजाने मसलत तीन किंवा चार मंत्र्यांशी करावी असे सांगितले. एकाच मंत्र्यावर विसंबणारा राजा त्याच्या कह्यात जातो, आणि दोघे असले तर ते संगनमत करतात, असे त्याचे कारण. म्हणजे गुपिताला माणसे किती, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे आणि त्याला एकच उत्तर मिळालेले नाही. मुलांसाठी व कुमारांसाठी लिहिलेल्या रहस्यकथेने या प्रश्नाला कोणते उत्तर दिले, आणि त्या उत्तरात मैत्रीची कल्पना कशी बदलत गेली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गुपित एकट्याने पेलत नाही, हे आपल्या लोककथेला फार पूर्वीपासून माहीत आहे. राजाच्या डोक्यावर शिंगे आहेत हे हजामत करताना न्हाव्याला कळते. कोणाला सांगशील तर प्राणास मुकशील, अशी त्याला ताकीद मिळते. गोष्ट पोटात मावेना तेव्हा तो ती झाडाला सांगतो. त्या झाडाच्या लाकडाची वाद्ये होतात आणि वाद्ये भर दरबारात राजाचे गुपित वाजवून सांगतात. कथा मुलांना हसवते, पण तिच्या तळाशी एक करुण गोष्ट आहे. न्हाव्याला मित्र नव्हता. विश्वासाने सांगावे असे एक माणूस त्याच्याजवळ असते, तर त्याला झाडाकडे जावे लागले नसते. शिवाय हे गुपित न्हाव्याचे नव्हे. भीती घालून ते त्याच्यावर लादलेले आहे. स्वेच्छेने राखलेले गुपित आणि धाकाने राखलेले गुपित यांतील हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातील तरुणांच्या जीवनात मैत्री आणि गुप्तता यांची सांगड प्रत्यक्षात पडली, आणि तीही कथेपेक्षा कितीतरी भयंकर रीतीने. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. दामोदर चापेकर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. पोलिसांना माहिती पुरवणारे द्रविड बंधू चापेकरांच्या परिचयातले होते. ८ फेब्रुवारी १८९९ रोजी वासुदेव चापेकर व महादेव रानडे यांनी त्यांना ठार केले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वासुदेव, रानडे व बाळकृष्ण चापेकर फासावर गेले. नाशिकला १९०० मध्ये तरुणांची जी संघटना उभी राहिली, तिचे नाव 'मित्रमेळा'. १९०४ मध्ये तिचेच रूपांतर 'अभिनव भारत' या संस्थेत झाले. गुप्त कार्याचे उघड नाव मैत्रीचे असावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. कोल्हापुरातही १८९० नंतरच्या दशकात 'शिवाजी क्लब' या नावाने तरुण एकत्र आले होते आणि सरकारी संशयाच्या छायेत सापडले होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात जॅक्सनचा वध करणारा अनंत कान्हेरे जेमतेम सतरा-अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. तो व त्याचे दोन सहकारी १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले.

या घटनांच्या राजकीय मूल्यमापनाचा हा प्रसंग नव्हे. येथे एवढेच नोंदवावयाचे आहे की त्या पिढीच्या दृष्टीने मैत्रीची कसोटी एकच होती: मित्र तो, जो बोलत नाही. जो बोलतो, तो माफीचा साक्षीदार. गुपित आपले होते, सत्ता परकी होती, आणि सांगणे म्हणजे द्रोह होता. वयाने किशोरावस्था नुकतीच ओलांडलेल्या मुलांनी हा भार वाहिला. साहाव्या कानाची किंमत त्यांनी प्राणांनी मोजली.

याच सुमारास मराठी वाचकांना रहस्याची गोडी लावणारे लेखक म्हणजे गो. ना. दातार. इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स यांच्या कथानकांचा आधार घेऊन त्यांनी रचलेल्या 'इंद्रभुवनगुहा', 'कालिकामूर्ति', 'चतुर माधवराव' आदी कादंबऱ्या प्रौढांसाठी होत्या. पण प्रौढांसाठी लिहिलेले रहस्य मुलांनी लपवून वाचावयाचे, हा वाचनाच्या इतिहासातील जुना नियम आहे. या कादंबऱ्यांतील गुपिते कुळाची, वारशाची, भुयारांची आणि वेषांतराची. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी 'झुंजार' आणि 'काळापहाड' या नायकांच्या द्वारे रहस्यकथा घरोघर नेली. मात्र या सर्व परंपरेत मुले वाचक होती, पात्रे नव्हती. गुपित उलगडणारा पुरुष वयाने मोठा होता, आणि त्याचा सोबती मित्रापेक्षा मदतनीस अधिक होता. मुलांच्या वाट्याला एकच मैत्री येई, ती वाचकांची आपसातली. पुस्तक हातोहात फिरे, आणि आधी वाचून झालेल्याने दुसऱ्याला शेवट सांगावयाचा नाही, हा अलिखित करार असे. रहस्यकथा ही वाचकांमध्येही एक गुपित निर्माण करते, हा तिचा विशेष इतर वाङ्मयप्रकारांत क्वचितच आढळेल.

मुलेच रहस्य उलगडतात अशी कथा जगाच्या वाङ्मयात ठळकपणे आली ती १९२९ मध्ये, एरिक केस्टनर यांच्या 'एमिल आणि गुप्तहेर' या जर्मन कादंबरीने. आगगाडीत एमिलचे पैसे चोरीला जातात. तो पोलिसांकडे जात नाही, कारण गावातल्या पुतळ्याचे तोंड त्याने रंगवले होते आणि ते उघडकीस येईल अशी त्याला धास्ती आहे. स्वतःच्या लहानशा गुपितामुळे तो चोराचे मोठे गुपित कोणाला सांगू शकत नाही. ही अडचण सुटते ती बर्लिनच्या अनोळखी मुलांमुळे. गुस्ताव नावाचा मुलगा विचारतो, एमिल सांगतो, आणि बघता बघता मुलांची पलटण उभी राहते. त्यांतला एक लहान मुलगा पाठलागात जातच नाही. निरोप पोचवण्यासाठी तो टेलिफोनजवळ बसून राहतो, आणि शेवटी एमिलची आजी त्याचेच विशेष कौतुक करते. षट्कर्णीचा हिशेब येथे उलटा झाला. कान वाढले तसे गुपित फुटले नाही, उलट बळकट झाले.

इंग्लंडमध्ये एनिड ब्लायटन यांनी १९४९ पासून 'सात जणांची गुप्त मंडळी' ही माला लिहिली. तिच्यात परवलीचा शब्द आहे, छातीवर लावावयाचे बिल्ले आहेत, बागेतल्या खोपटात सभा आहेत. मंडळींपैकी जॅकची बहीण सूझी मात्र दाराबाहेर आहे. परवलीचा शब्द शोधून काढण्याची तिची धडपड वाचताना हसू येते, पण त्या हसण्यात वाचकाने कोणाची बाजू घेतली आहे, हे तपासून पाहण्याजोगे आहे. केस्टनरच्या मंडळीत गुपित सांगितल्याने मित्र मिळतात; ब्लायटनच्या मंडळीत गुपित न सांगितल्याने मंडळी बनते. एकात गुपित हे दार आहे, दुसऱ्यात भिंत.

मराठीत मुलांच्या मासिकांची परंपरा जुनी. वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' १९०६ मध्ये निघाले. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी १९५१ मध्ये 'बालमित्र' सुरू केले, आणि १९७१ पासून बालभारतीचे 'किशोर' निघू लागले. याच काळात भागवतांचा बनेश फेणे ऊर्फ 'फास्टर फेणे' मराठी मुलांच्या घरात शिरला. फुरसुंगीचा हा किडकिडीत मुलगा पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, सायकल पिटाळतो, तोंडाने 'टॉक्' असा आवाज काढतो आणि संकटात उडी घेतो. सुभाष देसाईसारखा मित्र त्याच्या सोबतीला असतो. सुमारे वीस पुस्तकांची ही माला पुढे दूरदर्शनवर मालिकेच्या रूपाने आली आणि २०१७ मध्ये चित्रपटाच्याही रूपाने.

फेणेच्या कथांचे यश वेगात आणि विनोदात आहे, हे खरेच. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहता त्यांत एक मोठे स्थित्यंतर दडलेले आहे. स्वातंत्र्यापूर्वीच्या तरुणाचे गुपित स्वतःचे होते आणि ते सत्तेपासून राखावयाचे होते. स्वतंत्र देशातल्या फेणेच्या जगात गुपित दुष्टाचे आहे, आणि ते शोधून योग्य व्यक्तीच्या हाती द्यावयाचे आहे. मुलांनी ते राखावयाचे ते थोडा वेळ, पुरावा हाती येईपर्यंत. त्याला उसने गुपित म्हणता येईल. मित्राची कसोटीही त्यामुळे बदलते. नुसते न बोलणे पुरत नाही. केव्हा बोलावे आणि कोणाजवळ बोलावे हे ज्याला कळते, तो मित्र. माफीचा साक्षीदार आणि साक्षीदार हे दोन शब्द अर्धशतकात एकमेकांपासून इतके दूर गेले.

या चित्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. किशोर-रहस्यकथेची मैत्री बव्हंशी शहरी, सुशिक्षित घरांतील मुलांची राहिली. कोल्हापूरच्या वाचकाला ही उणीव विशेष जाणवते. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, आणि पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे येथे उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. आईबापांपासून दूर, एका छपराखाली झोपणाऱ्या, जेवणापासून परीक्षेपर्यंत सारे वाटून घेणाऱ्या या मुलांइतकी गुपिते आणि इतकी गाढ मैत्री दुसरीकडे कोठे असणार? तरी कुमारांच्या रहस्यकथेत ज्या शाळेने आणि ज्या शहराने घर केले, ती शाळा आणि ते शहर पुण्याचे. पंचगंगेच्या काठच्या खेड्यातून चालत शाळेला येणारा मुलगा त्या कथेचा वाचक होता. नायक होणे त्याच्या वाट्याला क्वचितच आले.

मग आज या वाङ्मयाकडे केवळ करमणूक म्हणून पाहावे काय? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. २०१२ मध्ये लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा अधिनियम संमत झाला. असा अपराध घडल्याचे ज्याला माहीत आहे त्याने तो कळवलाच पाहिजे, असे बंधन त्याने घातले. कायद्याला असे बंधन घालावे लागते, कारण मुलावर अन्याय करणारा माणूस बहुधा प्रथम एकच गोष्ट मागतो: हे कोणाला सांगू नकोस. न्हाव्याला राजाने दिलेली ताकीद ती हीच. अशा वेळी मुलाला प्रथम सुचतो तो मित्र. त्या मित्राने दिलेले वचन पाळावे की मोठ्या माणसाकडे जावे, हा पेच कल्पित नाही. शाळेतल्या बाकांवर तो आजही उभा राहतो, आणि त्याचा निर्णय बारा-तेरा वर्षांच्या मुलाला एकट्याने करावा लागतो.

चांगली किशोर-रहस्यकथा या पेचाचे उत्तर उपदेशाने देत नाही. ती त्याचा सराव घडवते. मित्राची फजिती, त्याचे घरचे दुःख, त्याचे स्वप्न ही त्याची गुपिते आहेत. ती चार कानांतच राहावीत. भीतीने लादलेले गुपित मात्र मित्राचे नसते. ते लादणाऱ्याचे असते, आणि ते राखणे ही मैत्री नव्हे. हा विवेक मुलांना कथेतून मिळाला, तर षट्कर्णी या शब्दाचा अर्थही थोडा बदलावा लागेल. योग्य तिसऱ्याच्या कानी गेलेली गोष्ट फुटली असे म्हणता येणार नाही. ती पोचली, असेच म्हणावे लागेल.