मुलांचे पहिले ड्रायव्हिंग लायसन्स : इंदूरच्या पालकांसाठी माहिती

बारावीची परीक्षा संपली की आपल्या समाजातील बहुतेक घरांत एकच विषय निघतो, तो म्हणजे गाडीचा. मुलगा किंवा मुलगी पुढच्या शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला जाणार असेल, तर त्याआधी लायसन्स हातात पडावे असे पालकांना वाटते. इंदूरमध्येच राहणार असेल, तर कॉलेज आणि भंवरकुआंचे क्लासेस यांच्या फेऱ्या रोज कोणी मारायच्या, हा प्रश्न असतो. लायसन्स काढण्याची पद्धत, चाचणीत काय पाहतात आणि तयारीत घरच्यांनी काय करावे, याची माहिती येथे एकत्र दिली आहे.

वयाची अट

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे मोटारकार आणि नेहमीच्या स्कूटर-मोटरसायकलसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत. १६ वर्षे पूर्ण झालेल्यांना फक्त ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालवता येते, आणि त्यासाठीही पालकांची लेखी संमती व लायसन्स लागतेच. आपल्या घरोघरी असणाऱ्या गिअर नसलेल्या स्कूटरची इंजिने साधारण ११० ते १२५ सीसीची असतात. म्हणजे अकरावीतल्या मुलाला "गल्लीतच तर जायचे आहे" म्हणून स्कूटरची किल्ली देणे कायद्यात बसत नाही.

बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटरबद्दलही गैरसमज आहे. ज्या गाडीची मोटर २५० वॅटपेक्षा कमी क्षमतेची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो, तिलाच लायसन्समधून सूट आहे. त्याहून जोरात पळणाऱ्या विजेच्या स्कूटरला पेट्रोलच्या स्कूटरसारखेच लायसन्स व नोंदणी लागते. खरेदीच्या वेळी दुकानदाराच्या शब्दावर न जाता गाडीची कागदपत्रे पाहावीत.

२०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी आहे. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. "मला माहीत नव्हते" हे पालकाला सिद्ध करावे लागते. गाडी मावशीची किंवा शेजारच्या काकांची असली तरी मालक म्हणून त्यांच्यावर जबाबदारी येते. शिवाय चालकाकडे वैध लायसन्स असणे ही मोटार विम्याचीही अट असते. अपघात झाला तर भरपाईचा बोजा घरावर येऊ शकतो.

पहिली पायरी : लर्निंग लायसन्स

अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवर होतो. वयाचा व पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही लागते. वयासाठी दहावीची गुणपत्रिका बहुतेकांकडे असतेच. आधार कार्डावरचे नाव, जन्मतारीख आणि गुणपत्रिकेवरचे नाव जुळते का, हे आधीच पाहावे. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचे नाव मध्ये असते, दुसऱ्यावर नसते, आणि आडनावाचे स्पेलिंग दोन प्रकारे लिहिलेले असते. ही दुरुस्ती अर्जाच्या आधी करून घेतली की पुढचा खोळंबा टळतो.

अर्जासोबत प्रकृतीचे स्वयंघोषणापत्र भरायचे असते. खासगी गाडीसाठी चाळिशीच्या आतल्यांना डॉक्टरचा दाखला लागत नाही. त्या घोषणापत्रात एक प्रश्न असा आहे : स्वच्छ उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का? ही परीक्षा घरासमोर घेऊन पाहावी. अनेक मुलांचा चष्म्याचा नंबर वाढलेला असतो आणि त्यांना स्वतःलाच ते कळलेले नसते. चष्मा लागत असेल तर तो लावून वाचता आले तरी चालते.

लर्निंगसाठी वाहतुकीची चिन्हे व नियम यांवर प्रश्न असतात आणि किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. ही परीक्षा मुलांनी स्वतःच द्यावी. घरी बसून देताना शेजारून उत्तरे सांगण्याचा मोह होतो, पण तीच चिन्हे त्यांना पुढे पलासिया चौकात एकट्याने ओळखायची आहेत.

एक उपयोगी गोष्ट : गिअरच्या मोटरसायकलची चाचणी पास झाली, की बिनगिअरच्या स्कूटरचीही पास झाली असे कायदा धरतो. उलट मात्र होत नाही. म्हणून मुलाला किंवा मुलीला मोटरसायकल शिकण्याची तयारी असेल तर अर्ज गिअरच्या दुचाकीसाठी करावा. दुचाकी आणि कार दोन्हींचा अर्ज एकत्र करता येतो.

केंद्रीय नियमांप्रमाणे लर्निंगचे शुल्क प्रत्येक प्रकाराला १५० रुपये, चाचणीचे प्रत्येक प्रकाराला ३०० रुपये आणि लायसन्सचे २०० रुपये आहे. राज्याची व कार्डाची रक्कम त्यात मिळवली जाते. भरायची रक्कम पोर्टलवर दिसते.

सहा महिन्यांचे गणित

लर्निंग सहा महिने चालते, आणि ते मिळून किमान ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. मूल जून-जुलैत बाहेरगावी जाणार असेल, तर मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला लर्निंग काढावे. मे महिन्यात चाचणी होते आणि नापास झाले तरी दुसऱ्या संधीला वेळ उरतो. लर्निंग काढून मूल होस्टेलला गेले, की दिवाळीला परत येईपर्यंत मुदत संपत आलेली असते.

लर्निंगच्या काळातले नियम घरच्यांनीच पाळायचे आहेत. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी 'एल' अक्षर हवे. कारमध्ये शेजारी पक्के लायसन्स असलेली व्यक्ती हवी, आणि ती गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेली हवी. दुचाकीवर शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही. मैत्रिणीला क्लासला सोडणे या काळात बंद.

शिकवायचे कोणी आणि कसे

घरात जो सर्वांत शांत असेल त्याने शिकवावे, आणि तो नेहमी बाबाच असेल असे नाही. अनेक घरांत आई, आत्या किंवा मोठी बहीण हे काम अधिक चांगले करते. कारसाठी पहिले आठ-दहा दिवस मोटार ड्रायव्हिंग स्कूल लावणे सोयीचे पडते, कारण त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो. घरच्यांनी नंतर सराव करून घ्यावा.

सूचना लहान व आधी द्यावी. "पुढच्या सिग्नलला डावीकडे, आरसा बघ, इंडिकेटर दे" हे वळणाच्या बरेच आधी सांगायचे. वळणावर पोचल्यावर "अगं इकडे, इकडे!" म्हटले की मूल घाबरून जोरात ब्रेक मारते. चूक झाली तर गाडी कडेला उभी करून बोलावे. एका वेळेला अर्धा-पाऊण तास पुरे, थकल्यावरचा सराव कामाचा नसतो.

जागा टप्प्याटप्प्याने बदलावी. पहिला आठवडा मोकळ्या मैदानात. कार्यक्रम नसेल तेव्हा दसरा मैदानासारखी जागा बरी. मग सकाळी लवकर सुदामा नगर किंवा टिळक नगरसारख्या वसाहतीतले आतले रस्ते. तिसऱ्या आठवड्यात रिंग रोड. सुपर कॉरिडॉर रुंद आणि मोकळा दिसतो, पण तेथे गाड्या वेगात असतात, त्यामुळे नवशिक्याला तेथे घाईने नेऊ नये. राजवाडा, जवाहर मार्ग आणि सराफ्याची गर्दी शेवटी, तीही शिकवणारा शेजारी असताना. रंगपंचमीच्या गेरच्या दिवशी त्या भागात गाडी काढूच नये.

चाचणीत काय पाहतात

इंदूरचे आरटीओ नायता मुंडला येथे आहे. चाचणीची तारीख व वेळ पोर्टलवर घ्यावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ मध्ये चालकाला काय काय करता आले पाहिजे याची लांब यादी आहे. तिचा गाभा असा :

१. निघण्याआधी आरसे नीट करणे, आजूबाजूला पाहणे.
२. गचके न देता निघणे, गिअर वर-खाली सहज बदलणे.
३. चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघणे.
४. वळण्याआधी आरसा पाहणे, मग योग्य वेळी इशारा देणे.
५. मागे घेऊन अरुंद जागेत गाडी नीट लावणे, आणि गाडीचे तोंड उलट दिशेला फिरवणे.
६. सिग्नल, चिन्हे आणि पादचाऱ्यांच्या पट्ट्यांपाशी योग्य वागणे.
७. डाव्या बाजूने चालणे, रस्ता पाहून वेग ठेवणे, लक्ष विचलित होऊ न देणे.

दुचाकीला इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवायला लावतात. मुले पुढच्या चाकाकडे पाहतात आणि तोल जातो. नजर पुढच्या वळणाकडे ठेवावी, वेग कमी व एकसारखा, गिअर पहिला किंवा दुसरा, क्लच अर्धा आणि गरजेपुरता हलका मागचा ब्रेक. पुढचा ब्रेक वळणात दाबू नये. पाय जमिनीला लागता कामा नये. मैदानात खडूने आकडा काढून रोज दहा-बारा फेऱ्या मारल्या तर आठवड्याभरात हात बसतो.

चढावर मुले सर्वांत जास्त घाबरतात. हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाकावा, क्लच हळूहळू सोडत इंजिनाचा आवाज दबला की थोडा एक्सलेटर द्यावा आणि मग हँडब्रेक खाली करावा. इमारतीच्या पार्किंगचा उतार रिकामा असेल तेव्हा तेथे सराव करता येतो. हेच कौशल्य पुढे खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटात ट्रकच्या मागे थांबावे लागते तेव्हा कामी येते.

रिव्हर्समध्ये वेग जवळजवळ चालण्याइतका ठेवावा. दोन्ही आरसे आणि मागची काच आलटून पालटून पाहावी. चुकत आहे असे वाटले तर थांबून पाहावे, घाईने स्टिअरिंग फिरवत राहू नये.

गोल चौकाचा नियमही पक्का करून घ्यावा : जी गाडी आधीच चक्करमध्ये आहे तिला आधी जाऊ द्यायचे.

चाचणीच्या दिवशी

ज्या प्रकारासाठी अर्ज आहे त्याच प्रकारची गाडी न्यावी लागते, आणि शक्यतो ज्या गाडीवर सराव केला तीच न्यावी. सोबत अर्जाची व शुल्काची पावती, लर्निंग, अर्जात जोडलेल्या पुराव्यांच्या मूळ प्रती, आणि गाडीची नोंदणी, विमा व प्रदूषण प्रमाणपत्र असावे. गाडीची कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात. आदल्या संध्याकाळी हवा, ब्रेक, इंडिकेटर आणि ब्रेकचा लाल दिवा तपासावा.

मूल गाडी चालवत तेथे जाणार असेल तर लर्निंगचे सर्व नियम त्या रस्त्यावरही लागू आहेत. ट्रॅकवर हेल्मेट पट्टा लावून, कारमध्ये सीटबेल्ट, आणि पायात चपलेऐवजी बूट. पालकांनी दूर उभे राहावे. कडेने हातवारे केले की मुलाचे लक्ष समोरून हटते. अधिकाऱ्याची सूचना नीट ऐकू आली नाही तर "सर, पुन्हा सांगाल का?" असे विचारण्यात काही चूक नाही.

"चाचणी न देता लायसन्स करून देतो" असे सांगणारे भेटतात. त्यांना नम्रपणे नको म्हणावे. असे लायसन्स मुलाच्या खिशात राहील, पण चढावर गाडी मागे घसरू लागली तर त्याला काय करायचे ते माहीत नसेल.

नापास झाले तर

सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तीन वेळा जमले नाही तर शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सुधारणेचा कोर्स करावा लागतो. म्हणून दुसऱ्या वेळेस लगेच तारीख घेण्यापेक्षा नेमके कोठे चुकले ते विचारून तेवढ्याचाच आठवडाभर सराव करावा. घरी आजी-आजोबांसमोर किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर थट्टा होऊ देऊ नये. हिणवलेले मूल पुढच्या वेळी अधिक घाबरते, किंवा चाचणीच नको म्हणते आणि लायसन्सशिवाय गाडी चालवू लागते. दुसरा धोका मोठा आहे.

लायसन्स हातात आल्यावर

तिशीच्या आत काढलेले खासगी गाडीचे लायसन्स वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालते. म्हणजे अठराव्या वर्षी दिलेल्या या चाचणीनंतर बावीस वर्षे बहुधा कोणी पुन्हा परीक्षा घेत नाही. घरचे नियम म्हणूनच आधी ठरवून घ्यावेत. पहिले तीन महिने रात्री हायवेवर एकट्याने जायचे नाही. दुचाकीवर तिघे नाहीत. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवे, कायद्याप्रमाणे चार वर्षांवरील प्रत्येकाला ते लागते. फोन वाजला तर गाडी कडेला घेऊन मग उचलायचा, आणि आई-बाबांनीही मूल गाडीवर असेल त्या वेळी पुन्हा पुन्हा फोन करायचा नाही. हे नियम मोठ्यांनी स्वतः पाळले तर मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. राजवाड्यापर्यंत बिनहेल्मेट जाणारे बाबा मुले रोज पाहत असतात.