शॅल आणि विल यांचा तंटा

इंग्रजीत साध्या भविष्यकाळासाठी ‘मी’ व ‘आम्ही’ यांच्यापुढे शॅल घालावे आणि इतर पुरुषी विल, परंतु निश्चय, वचन किंवा धमकी व्यक्त करावयाची झाल्यास हीच व्यवस्था नेमकी उलटी करावी, हा नियम आपल्याकडील शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतला गेला. पण तो ज्या ग्रंथात सूत्रबद्ध झाला, तो ग्रंथ इंग्रज मुलांसाठी नव्हता, किंबहुना इंग्रजीतही नव्हता.

१६५३ साली जॉन वॉलिस यांनी प्रसिद्ध केलेले इंग्रजीचे व्याकरण परकीयांच्या सोयीसाठी लॅटिनमध्ये लिहिलेले होते. वॉलिस हे ऑक्सफर्ड येथे भूमितीचे प्राध्यापक, यादवी युद्धात पार्लमेंटच्या हाती लागलेले सांकेतिक खलिते उलगडून देणारे आणि पुढे अनंताचे चिन्ह गणितात रूढ करणारे गृहस्थ. तेव्हा लोकांच्या बोलण्यातील अनागोंदीतही त्यांना एखादे सममित कोष्टक दिसावे, यात नवल ते काय? शॅलच्या मुळाशी ऋण व कर्तव्य, तर विलच्या मुळाशी इच्छा. या दोहोंची सरमिसळ शतकानुशतके चालत आली होती, आणि तिची वाटणी वॉलिस यांनी पुरुषवार करून दिली. पुढील वैयाकरणांनी या वाटणीस कलमे, पोटकलमे व अपवाद जोडले, आणि १७९५ साली निघालेल्या लिंड्ली मरे यांच्या व्याकरणासारख्या शालेय पुस्तकांनी तिला जवळजवळ कायद्याचे रूप दिले.

स्कॉटिश व आयरिश लोकांनी हा कायदा फारसा जुमानला नाही. त्यावरून, पाण्यात पडलेला एक आयरिश मनुष्य ‘मी बुडेन, मला कोणी वाचवणार नाही’ असे ओरडू पाहतो, परंतु शॅल-विलच्या अदलाबदलीने ‘मी बुडणारच, खबरदार मला कोणी वाचवाल तर’ असा हुकूम सोडतो आणि काठावरचे सभ्य लोक तो मुकाट्याने पाळतात, अशी एक गोष्ट इंग्रजांनी रचली. तीत व्याकरणप्रेमापेक्षा शेजाऱ्याची टवाळीच अधिक आहे, असे माझे मत आहे. १९०६ साली इंग्रजीच्या शुद्ध वापरावर ग्रंथ लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनी या विषयास पुष्कळ पृष्ठे खर्ची घातली आणि तरीही कबुली दिली ती अशी की, दक्षिण इंग्लंडात वाढलेल्यांस हा प्रयोग सहज साधतो, इतरांस मात्र तो शिकून येणे कठीण. म्हणजे ज्यांस येतो त्यांस नियमाची गरज नाही, आणि ज्यांस गरज त्यांस तो येत नाही! शिवाय ४ जून १९४० रोजी चर्चिल यांनी पार्लमेंटात लढण्याचा निर्धार व्यक्त केला तो ‘आम्ही’पुढे वारंवार शॅल योजूनच, कोष्टकाप्रमाणे तेथे विल हवे होते.

हिंदुस्थानात हा नियम दीर्घकाळ टिकला. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेले आणि पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले रेन यांचे नाव ज्या व्याकरणावर आहे, ते ‘रेन आणि मार्टिन’ स्वराज्य आल्यावरही घरोघर राहिले. बोलण्यातून शॅल ओसरत गेले तरी कायद्याच्या दफ्तरात त्याचे वतन अबाधित राहिले: राज्यघटनेच्या ५२ व्या अनुच्छेदाने राष्ट्रपतिपद निर्माण केले ते शॅल योजूनच, आणि अमुक कलमातील शॅल बंधनकारक मानावे की केवळ मार्गदर्शक, याचा निवाडा करण्यात आपल्या न्यायालयांचा बराच वेळ खर्ची पडत आला आहे.