तालुक्याच्या सीमेवरचे आदिवासी

उत्तर आफ्रिकेतील ज्या लोकांना जग ‘बर्बर’ म्हणते, ते स्वतःला ‘अमाझिग’ म्हणवतात. त्यांच्या भाषेला मोरोक्कोने २०११ मध्ये आणि अल्जीरियाने २०१६ मध्ये घटनेत राजभाषेचे स्थान दिले. हा संघर्ष वाचताना वऱ्हाडातील वाचकाला मेळघाट आठवावा.

कोरकू भाषेत ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे कोरकू म्हणजे ‘माणसे’. ही भाषा मुंडा कुळातील असून मुंडारी, संताळी ही तिची भावंडे दूर झारखंडात आहेत. पण कोरकूंची ओळख शासनाने भाषेवरून नव्हे, तालुक्यावरून ठरवली. अनुसूचित जमातींच्या यादीत अमरावती जिल्ह्यातील फक्त मेळघाट तालुका होता. अकोला जिल्हा नव्हताच. परिणामी मेळघाटात आदिवासी असलेला कोरकू डोंगर उतरून अकोटला आला की कागदोपत्री आदिवासी उरत नसे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ही क्षेत्रमर्यादा उठली.

मग ‘आधी कोण आले’ हा निकष लावावा काय? तोही टिकत नाही. यादीत कोरकूंच्याच नोंदीखाली ‘निहाल’ हे नाव येते. या निहालांच्या निहाली भाषेचे नाते ज्ञात असलेल्या कोणत्याही भाषाकुळाशी सिद्ध झालेले नाही, आणि ती बोलणारे आता फार थोडे उरले आहेत. म्हणजे ज्यांना आपण मूळनिवासी म्हणतो, त्यांच्या नावाखालीही आणखी एक समूह झाकला गेला आहे. अमाझिग या एका नावाखाली कबाइल, रिफी, तुआरेग असे भिन्न समूह येतात, तसेच हे.

घटना समितीत जयपालसिंग मुंडा यांनी ‘आदिवासी’ या शब्दाचा आग्रह धरला. घटनेत मात्र ‘अनुसूचित जमाती’ हाच शब्द आला. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मूळनिवासींच्या जाहीरनाम्याला भारताने मत दिले, पण स्वातंत्र्याच्या वेळची सारी भारतीय जनताच मूळनिवासी आहे, अशी भूमिका घेऊन. सारेच मूळनिवासी म्हटले की कुणाचाच वेगळा हक्क उरत नाही.

व्याघ्रप्रकल्पासाठी कोहा, कुंड, बोरी ही गावे मेळघाटातून उठवून अकोट तालुक्यात वसवली गेली. आता जातीचा दाखला डोंगराखालीही चालतो. पण ज्या जंगलातील झाडापाल्याला, नदीनाल्याला कोरकूत नावे होती, ते जंगल मागे राहिले. म्हणून आदिवासित्वाचा प्रश्न पहिले कोण आले हा नसून, माणसांची भूमी आणि भाषा यांचे नाते तोडण्याचा अधिकार कोणाला, हा आहे.