पावसाचं कागदोपत्री नाव

मंडळी, २५ जुलै २०२४ ची बातमी आठवतेय? मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस! आता हा आकडा डेटा फाइलमध्ये टाकायचाय. व्हेरिएबलला नाव काय द्याल? 'रेन'? 'पीआर'? 'टीपी'?

प्रश्न तसा जुनाच. १८६४ साली चक्रीवादळाने कलकत्त्याची दैना केली, १८६६ आणि १८७१ साली पावसाने दगा दिला. हवामानाच्या नोंदी तेव्हा प्रांतोप्रांती वेगवेगळ्या व्हायच्या. अखेर १८७५ साली सगळं एका खात्याखाली आलं, हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख झाले. १९२८ साली मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरचा चौक अजून 'सिमला ऑफिस'च!

या खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे २५ तारखेचा पाऊस खरं तर २४ च्या साडेआठपासूनचा. हे फाइलमध्ये लिहिलं नाही, तर पुढच्या माणसाला कळणार कसं?

कॉम्प्युटर आले आणि पुन्हा ज्याची त्याची नावं सुरू झाली. त्यावर २००३ साली 'सीएफ' संकेतांची पहिली आवृत्ती आली. (सीएफ म्हणजे क्लायमेट अँड फोरकास्ट.) त्यांची युक्ती साधी: व्हेरिएबलला घरी काहीही हाक मारा, पण सोबत यादीतलं एक प्रमाण नाव लावा. रेशनकार्डावर असतं तसं!

यादीत 'रेनफॉल' म्हणजे फक्त पाऊस, 'प्रेसिपिटेशन' म्हटलं की गारा-बर्फही आले. शेवटी 'अमाउंट' असेल तर एकूण पाणी, एकक किलो प्रति चौरस मीटर. 'फ्लक्स' असेल तर तेच दर सेकंदाला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, अंदाजे एक किलो. म्हणून ताम्हिणीचा पाऊस 'अमाउंट' म्हणून ५५६, तर 'फ्लक्स' म्हणून सरासरी ०.००६४. पाऊस तोच, आकड्यांत फरक ८६,४०० पटींचा!

हा नुसता काथ्याकूट नाही. ५५६ मिलिमीटर म्हणजे एका चौरस किलोमीटरवर ५५ कोटी ६० लाख लिटर पाणी. मुळशी धरण भरलं की जादा पाणी मुळा नदीत सोडतात, आणि ती पुण्यात येते. किती सोडायचं याचं गणित अशाच आकड्यांवर चालतं.

पाषाणच्या आयआयटीएम संस्थेचं हवामान मॉडेल सीएमआयपी-६ या जागतिक प्रकल्पात उतरलं, तेही हीच नावं लावून. त्यामुळे जगात कुणीही त्याचा पाऊस दुसऱ्या मॉडेलशी ताडून पाहू शकतो, पुण्याला फोन न करता.

तेव्हा पुढच्या वेळी कॉलमला नुसतं 'रेन' लिहिण्याआधी तीन गोष्टी लिहा: काय मोजलं, कशात मोजलं, कधीपासून कधीपर्यंत.