सुई आणि मोटर : गोंदण-यंत्राच्या निवडीची पूर्वपीठिका

१८७५ साली अमेरिकेतील न्यूअर्क शहरात टॉमस एडिसन आणि त्याचा सहकारी चार्ल्स बॅचलर यांनी एक विलक्षण लेखणी सिद्ध केली. या लेखणीत शाई नव्हती. तिच्या टोकाशी एक बारीक सुई होती आणि माथ्यावर चिमुकली विजेची मोटर. शेजारच्या बॅटरीतून प्रवाह आला की मोटर फिरे आणि सुई सेकंदाला सुमारे पन्नास वेळा खालीवर होऊन कागदाला छिद्रे पाडी. लिहिणाऱ्याने नेहमीसारखी अक्षरे काढावीत. कागदावर मात्र छिद्रांच्या ओळी उठत. मग त्या सच्छिद्र कागदावरून शाईचा रूळ फिरविला की खालच्या कोऱ्या कागदावर मजकूर उमटे. कचेऱ्यांतील पत्रकांच्या प्रती काढणे, एवढाच या खटाटोपाचा हेतू होता. सायक्लोस्टाइलच्या शाईने ज्यांनी एके काळी बोटे काळी केली असतील, त्यांना हे तत्त्व निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. १८७६ मध्ये लेखणीला पेटंट मिळाले. परंतु बाजारात तिचे आयुष्य फार दीर्घ ठरले नाही.

कागदाच्या जागी माणसाची कातडी आणण्याची कल्पना न्यूयॉर्कमधील एका गोंदणाऱ्याची. सॅम्युअल ओ'रायली हे त्याचे नाव. ८ डिसेंबर १८९१ रोजी त्याला गोंदणाच्या विद्युत्-यंत्राचे अमेरिकी पेटंट मिळाले. मोटरने सुई हलवायची हे तत्त्व एडिसनचेच होते. ओ'रायलीने त्याला एकाहून अधिक सुया आणि त्यांच्यापर्यंत शाई पोचविणारी नळी यांची जोड दिली. हाताने गोंदताना ज्या कामाला तास लागत, ते आता फारच थोड्या वेळात होऊ लागले. खुद्द एडिसनच्या डाव्या हातावर पाच ठिपक्यांचे गोंदण होते आणि १९११ सालच्या त्याच्या विम्याच्या कागदांत त्याची नोंद आहे. ते कोणत्या यंत्राने काढले असेल, यावर तर्क पुष्कळ लढविले गेले. कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके गोंदवून घेणाऱ्या आज्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्या मराठी वाचकांना मात्र या ठिपक्यांचे नवल वाटू नये.

एडिसनच्या लेखणीचा वारसा सांगणाऱ्या या यंत्रालाच रोटरी यंत्र म्हणतात. शिवणयंत्राचे चाक गोल फिरते आणि सुई मात्र सरळ खालीवर होते, तसाच हा प्रकार. मोटरच्या आसावर मध्यबिंदूपासून किंचित बाजूला एक खुंटी असते. आस फिरला की ती खुंटी सुईच्या दांड्याला पुढे-मागे ढकलते. रचना इतकी साधी, की तिच्यापुढे दुसरे काही टिकू नये असे वाटावे. प्रत्यक्षात घडले उलटेच. १९०४ साली न्यूयॉर्कच्याच चार्ली वॅग्नरने विद्युत्-चुंबकाची दोन वेटोळी उभी बसविलेल्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि पुढे जवळजवळ सारे विसावे शतक या कॉइलच्या यंत्राने गाजविले. दारावरची विजेची घंटा ज्या युक्तीने वाजते तीच युक्ती येथे होती. चुंबक लोखंडी पट्टी ओढतो, ओढताच प्रवाह तुटतो, पट्टी स्प्रिंगच्या जोराने मागे येते आणि पुन्हा ओढली जाते. गोंदणाऱ्याच्या दुकानातली ती ओळखीची गुणगुण या पट्टीची. त्या काळी लहान आणि तरीही जोरकस मोटर मिळणे कठीण होते. उलट घंटेचे सुटे भाग सहज जुळविता येत आणि स्प्रिंग कमी-अधिक ताणून सुईचा ठोका हवा तसा बसविता येई. कारागिराने आपल्या हातोटीप्रमाणे जुळविलेले यंत्र दुसऱ्याच्या हाती नीट चालतच नसे, असा त्याचा लौकिक!

या यंत्राला एक खोड मात्र होती, आणि ती साधीसुधी नव्हती. सुया लांब दांड्याला झाळलेल्या, दांडा नळीतून आरपार गेलेला, आणि नळीचे वरचे तोंड यंत्राकडे उघडे. त्वचेतले रक्त आणि शाई यांचे मिश्रण त्या नळीत शिरे. नळ्या आणि सुया प्रत्येक गिऱ्हाइकानंतर घासूनपुसून उकळाव्यात, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक कराव्यात, हे ज्ञान सर्वांना होते असे नाही. ज्यांना होते ते सर्वच ते आचरीत होते असेही नाही. कावीळीच्या साथीचा संबंध गोंदणाशी जोडून न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने १९६१ साली शहरात गोंदणावर बंदी घातली. ज्या शहरात हे यंत्र जन्मले, त्याच शहरात ते छत्तीस वर्षे चोरून चालले. बंदी उठली ती १९९७ मध्ये. दरम्यान एच. आय. व्ही.च्या भीतीने हातमोजे आणि एकदाच वापरायची सुई या गोष्टी धंद्यात रुळल्या होत्या. जत्रेत बसणाऱ्या गोंदणाऱ्यापुढे रांग लागलेली असताना एकच सुई किती हातांवरून फिरते, हा प्रश्न आपल्याकडेही शिळा झालेला नाही.

१९७८ साली जर्मनीतील हॅनोवरच्या मानफ्रेड कोर्सने छोट्या मोटरवर चालणारे रोटरी यंत्र पुन्हा पुढे आणले. परंतु रोटरीचे दिवस खऱ्या अर्थाने पालटले ते एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि त्याचे श्रेय मोटरपेक्षा सुईकडे अधिक जाते. बर्लिनच्या एम. टी. डर्म या कारखान्याने शायेन या नावाने जी यंत्रे आणली, त्यांतील सुया यंत्राला जोडलेल्या नव्हत्याच. त्या प्लास्टिकच्या लहानशा कुपीत बंदिस्त होत्या. हीच कार्ट्रिज. ती कारखान्यातच निर्जंतुक होऊन पाकिटात येते, यंत्राच्या तोंडाशी पिळून बसवावी लागते आणि काम होताच फेकून द्यायची असते. कुपीच्या आत रबरासारख्या लवचीक द्रव्याचा पातळ पडदा असतो. सुईचा दांडा त्याला ढकलतो, पडदा ताणला जातो आणि दाब सुटताच सुईला मागे खेचतो. त्याचबरोबर खालची शाई आणि रक्त वर यंत्रात जाऊ न देण्याचे कामही तोच करतो. सुईचे परतणे आणि गिऱ्हाइकाचे रक्षण ही दोन्ही कामे एका चकतीवर सोपविलेली!

यंत्र निवडताना ज्या गोष्टी पाहाव्या लागतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या पडद्यात आहे. येथे यंत्र सुईला फक्त ढकलते, ओढीत नाही. म्हणजे प्रत्येक ठोक्याला मोटरला त्वचेच्या जोडीने पडद्याचा ताणही सोसावा लागतो. मोकळे चालविले असता सुरेख गुणगुणणारी स्वस्त मोटर वीस-बावीस सुयांची रुंद कार्ट्रिज लावताच मंदावते, आणि ठोके विरळ झाले की सुई टोचण्याऐवजी कातडी ओरबाडू लागते. म्हणून दुकानात यंत्र पाहायचे ते रिकामे नव्हे. पडदा असलेली, जाड कार्ट्रिज बसवून. पडदाच नसलेल्या कार्ट्रिजही बाजारात मिळतात. त्यांवर यंत्र हलके चालते खरे. पण ज्यासाठी सारा प्रपंच मांडला तेच त्यांत गमावलेले असते.

दुसरी गोष्ट सुईच्या चालीची. चाल म्हणजे दांडा एका फेऱ्यात किती सरकतो ते अंतर. सुई त्वचेत किती खोल जाते ते नव्हे. खोली गोंदणाऱ्याच्या हातात असते, आणि ती मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या आतच राहावी लागते. अडीच ते तीन मिलिमीटरची चाल मऊ, छायेच्या कामाला बरी. चार मिलिमीटरची ठोका जोरात मारते आणि एका ओढीत ठसठशीत रेघ काढते. साडेतीनची चाल दोन्ही कामे निभावते, म्हणून एकच यंत्र घेणाऱ्याचा ओढा तिकडे असणे स्वाभाविक आहे. व्होल्टेजच्या आकड्यावरून मात्र तुलना करू नये. एकाच आकड्यावर दोन यंत्रे निरनिराळ्या वेगाने चालतात. काही यंत्रांत दांड्याखाली स्प्रिंग असते आणि कातडीचा विरोध वाढला की ठोका किंचित नरमतो. शिकाऊ हाताला तिची फार मदत होते. ठाशीव काम करणाऱ्याला तीच नकोशी वाटते.

अलीकडे बॅटरी शेपटाला बसविलेली, तारेवाचूनची यंत्रेही आली आहेत. एडिसनच्या लेखणीला घटांच्या जोडीशी बांधून ठेवणारी तार अशा रीतीने अखेर सुटली. तार गेली तरी वजन उरते, आणि ते मनगटाच्या मागे पडते. दोन तास रेघा ओढल्यावर त्याचा हिशेब मनगट देतेच. मुठीची जाडी, तोल आणि कंप हे कागदावरच्या आकड्यांवरून कळत नाहीत. त्यासाठी यंत्र हातात धरून पाहावे लागते.

एवढे होऊनही धोका सर्वस्वी टळला, असे नाही. पडदा फाटू शकतो, हलक्या मालाचा असल्यास लवकरच. अशा वेळी यंत्राचे पुढचे तोंड उघडून साफ करता येते काय, दांडा बाहेर काढता येतो काय, मूठ वेगळी करून १२१ अंश सेल्सिअसच्या दाबवाफेत घालता येते काय, हे विकत घेण्यापूर्वीच विचारलेले बरे. मोटर असलेला भाग वाफेत घालता येत नाही. त्याला प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे वेष्टन चढवावे लागते, आणि काम संपल्यावर ते उतरवून यंत्र जंतुनाशकाने पुसावे लागते. वापरलेली कार्ट्रिज तेवढी सुयांच्या कठीण डब्यात जाते.